यवतमाळ जिल्ह्यातील मिडल स्कूलमधील इंग्रजीचा तास : गद्य, पद्य, लेखन व व्याकरण यांचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : वऱ्हाडचा शैक्षणिक इतिहास, अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, भाषांतर पद्धती, रचना पद्धती, गोरमाटी, कोलामी, मातृभाषा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मुंबई आणि पुणे या शहरांवर केंद्रित झालेले दिसते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, डेक्कन कॉलेज, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘निबंधमाला’ ही या इतिहासाची परिचित स्थाने होत. वाघिणीच्या दुधाची प्रसिद्ध उपमा याच वर्तुळात रूढ झाली. परंतु इंग्रजी ही भाषा महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांपर्यंत महाविद्यालयातून पोहोचली नाही. ती पोहोचली जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावातील मिडल स्कूलमधून, म्हणजे साधारणतः पाचवी ते आठवीच्या वर्गांतून. या वर्गांत इंग्रजीच्या तासाची चार अंगे ठरून गेली होती : गद्यवाचन, कवितेचे पाठांतर, लेखन आणि व्याकरण. उजळणीच्या वेळी शिक्षक याच क्रमाने विषय घेत असत व प्रश्नपत्रिकाही याच क्रमाने विभागलेली असे.

प्रस्तुत शोधनिबंधात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या चार अंगांच्या जडणघडणीचा विचार केला आहे. यवतमाळची निवड करण्यामागे एक निश्चित कारण आहे. हा जिल्हा मराठी भाषिक प्रदेशात असला तरी त्यातील सर्व मुलांची मातृभाषा मराठी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १८ टक्के आहे. गोंड आणि कोलाम या येथील प्रमुख जमाती होत. याशिवाय पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत मोठ्या संख्येने असलेला बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये गणला जातो, त्यामुळे तो या टक्केवारीत येत नाही. गोंडी, कोलामी आणि गोरमाटी बोलणारी मुले मराठी शाळेत इंग्रजी शिकतात, तेव्हा इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा असते. या वस्तुस्थितीचा इंग्रजीच्या अध्यापन पद्धतीशी काय संबंध आला, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) यवतमाळ जिल्ह्यातील मिडल स्कूल स्तरावरील इंग्रजी शिक्षणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) गद्य, पद्य, लेखन व व्याकरण या चार अंगांचे स्वरूप व त्यांतील परस्परसंबंध तपासणे.
३) बदलत्या अध्यापन पद्धतींनी विद्यार्थ्याच्या मातृभाषेविषयी कोणती गृहीतके बाळगली, याचा शोध घेणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या प्रशासनाखाली दिला. त्यानंतर एका वर्षाने, म्हणजे १८५४ मध्ये, वुडचा खलिता प्रसिद्ध झाला. सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे आणि जेथे मागणी असेल तेथे इंग्रजी शिकवावे, अशी या खलित्याची भूमिका होती. त्यातूनच शाळांचे दोन प्रवाह निर्माण झाले. पहिला प्रवाह मराठी शाळांचा होता. या शाळेतून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तलाठी, गावशाळेचा मास्तर किंवा कारकून होई. दुसरा प्रवाह अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळांचा होता. या शाळेत मराठी प्राथमिक इयत्तांनंतर इंग्रजीचा आरंभ होई आणि पुढे हायस्कूल व मॅट्रिक्युलेशनची वाट खुली होई. मिडल स्कूल हा या दोन प्रवाहांच्या फाट्यावरचा टप्पा होता. मुलाने कोणत्या बाजूला वळायचे हे येथेच ठरत असे.

पूर्वी ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ च्या पुनर्रचनेत यवतमाळ जिल्हा झाला आणि पुसद तालुका त्यात समाविष्ट करण्यात आला. त्यापूर्वी १९०३ मध्ये वऱ्हाडचे प्रशासन मध्य प्रांताला जोडण्यात आले होते. याच काळात मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला. कापसाचा व्यापार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, न्यायालये आणि वनखाते यांमुळे इंग्रजी वाचता-लिहिता येणाऱ्या माणसाची गरज जिल्ह्याच्या ठिकाणी निर्माण झाली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाल्यावर उच्च शिक्षणाचे केंद्रही जवळ आले.

या शिक्षणातून घडलेल्या व्यक्तींमध्ये लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांचे उदाहरण लक्षणीय आहे. १८८० मध्ये वणी येथे जन्मलेल्या बापूजींनी काही काळ अमरावतीच्या शाळेत अध्यापन केले व पुढे यवतमाळ येथे वकिली केली. त्यांचे व्यवसायाचे व राजकारणाचे बरेचसे व्यवहार इंग्रजीतून झाले, परंतु लोकमान्य टिळकांचे चरित्रकाव्य त्यांनी संस्कृतात रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या त्यांच्या ग्रंथास १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. यवतमाळच्याच य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या हस्तलिखितांचे संशोधन केले व शारदाश्रमाच्या रूपाने त्याला संस्थात्मक आधार दिला. इंग्रजी विद्येने या पिढीला स्वतःच्या परंपरेपासून तोडले नाही, हे यावरून दिसते. मात्र या पिढीला घरात मराठी आणि संस्कृत यांचा भक्कम आधार होता, हेही विसरता येत नाही.

व्याकरण : तासाचा कणा

चार अंगांपैकी व्याकरणाला इंग्रजीच्या तासात सर्वाधिक महत्त्व मिळाले. त्याचे कारण केवळ परीक्षेत शोधून चालणार नाही. मराठीत व्याकरणविचाराची जुनी परंपरा आहे. महानुभाव पंडित भीष्माचार्य यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे आद्य व्याकरण मानले जाते. परंतु शाळेत शिकवले जाणारे मराठी व्याकरण या परंपरेतून आले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या, विशेषतः लिंडले मरे याच्या ग्रंथाच्या, धर्तीवर बेतलेले होते. शब्दांच्या आठ जाती आणि त्यांची क्रमवार मांडणी ही इंग्रजी साच्यातून मराठीत आली. विरामचिन्हेही मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून मराठी गद्यात रुजली.

याचा परिणाम असा झाला की, पाचवीत इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलाला व्याकरणाची चौकट आधीच ठाऊक असे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे तो मराठीच्या तासाला शिकलेला असे. शिक्षक इंग्रजी संज्ञा सांगून तिच्याशेजारी मराठी संज्ञा मांडीत असे आणि अनोळखी भाषा काहीशी ओळखीची वाटू लागे. याच पायावर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उभी राहिली व अनेक पिढ्या महाराष्ट्रभर टिकली. पुढे नेसफिल्डचे व्याकरण आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले रेन व मार्टिन यांचे पुस्तक या परंपरेत स्थिरावले. यांतील पी. सी. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केले होते.

भाषांतर पद्धतीवर आज सर्रास टीका होते, परंतु तिचे एक सामर्थ्य मान्य करावे लागते. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ आणि ‘त्याला ताप आहे’ या तीन मराठी वाक्यांसाठी इंग्रजीत ‘हॅव’ या एकाच क्रियापदाचा आधार घेता येतो. हे कळण्यासाठी मुलाला स्वतःच्या भाषेकडे नव्याने पाहावे लागे. इंग्रजी शिकता शिकता तो मराठीचाही अभ्यास करीत असे.

मात्र समांतर संज्ञांची ही सोय काही ठिकाणी फसवी ठरत होती. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ या संज्ञेस ‘कर्मणी प्रयोग’ हा पर्याय शाळांत रूढ झाला. वस्तुतः ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठी व्याकरणानुसार कर्मणी प्रयोगाचे आहे, पण त्याचे साधे इंग्रजी भाषांतर ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’मध्ये होते. दोन्ही तासांना दिलेले धडे प्रामाणिकपणे लक्षात ठेवणारा विद्यार्थीच येथे गोंधळात पडत असे. त्याची चूक ही चौकटीची चूक होती, परंतु गुण मात्र त्याचेच कमी होत.

गद्य आणि पद्य

गद्यवाचनासाठी मुंबई इलाख्यात शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या वाचनमालेपासून अनेक मालिका वापरल्या गेल्या. धड्याचे प्रकट वाचन, कठीण शब्दांचे अर्थ, वाक्यावाक्याचे मराठी भाषांतर आणि शेवटी प्रश्नोत्तरे असा क्रम होता. येथे गद्य हे साहित्य म्हणून क्वचितच वाचले जाई. ते शब्दसंग्रहाचे आणि व्याकरणाच्या उदाहरणांचे भांडार होते.

पद्याची स्थिती याहून वेगळी होती. पॅलग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’सारख्या संग्रहाने (१८६१) आधुनिक मराठी कवितेला प्रेरणा दिली, हे वाङ्मयेतिहासात मान्य झालेले आहे. केशवसुतांनी १८९२ मध्ये चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, ते याच संस्कारातून. पण महाविद्यालयात जी कविता प्रेरणा ठरली, ती मिडल स्कूलमध्ये पाठांतराचा विषय झाली. याचे एक कारण भाषेच्या पलीकडचे होते. इंग्रजी कवितेत ‘समर’ हा आनंदाचा, उबेचा, बाहेर पडण्याचा ऋतू असतो. यवतमाळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, विहिरी आटतात आणि दुपारी गाव दारे लावून घेते. शिक्षकाने ‘समर म्हणजे उन्हाळा’ असा अर्थ दिला की, शब्दार्थ बरोबर असूनही कवितेचा अर्थ उलटा होत असे. हा फरक उलगडून सांगणारा शिक्षक लाभला, तर तीच कविता दोन प्रदेशांच्या निसर्गाचा तुलनात्मक पाठ होऊ शकत होती. न लाभल्यास ती केवळ लयीत म्हणण्याची गोष्ट उरे. तरीही पाठांतराने उच्चार, आघात आणि लय यांचे काही संस्कार घडले, हे नाकारता येणार नाही. गोंड, कोलाम व बंजारा समाजांतील मुले समृद्ध मौखिक गीतपरंपरेतून आलेली होती. ऐकून लक्षात ठेवण्याचे त्यांचे सामर्थ्य या एकाच अंगात उपयोगी पडण्यासारखे होते, परंतु परीक्षेत पद्याचा वाटा सर्वांत लहान असे.

लेखन : अर्ज, पत्र आणि निबंध

लेखनाच्या अंगात रजेचा अर्ज, मित्रास पत्र आणि ठरावीक विषयांवरील निबंध हे प्रकार प्रामुख्याने येत. वसाहतकालीन प्रशासनात अर्ज ही नागरिकाची जवळजवळ एकमेव लेखी वाणी होती. जंगलातील चराईचा हक्क असो की शेतसाऱ्याची सूट, अर्ज लिहिता येणारा माणूस गावात प्रतिष्ठा पावत असे. या दृष्टीने अर्जलेखन हा इंग्रजीच्या तासाचा सर्वांत व्यवहारोपयोगी भाग म्हणता येईल.

परंतु मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला या लेखनात फारसा वाव नव्हता. निबंध फळ्यावर लिहून दिला जाई, वहीत उतरवला जाई, पाठ केला जाई आणि उत्तरपत्रिकेत परत लिहिला जाई. कापसाची वेचणी, मोहफुले गोळा करणे, तांड्यावरची होळी, पोडावरचे जीवन हे विषय विद्यार्थ्याला माहीत होते, पण ते निबंधाचे विषय मानले जात नव्हते. लेखन हे अंग नावापुरते स्वतंत्र होते. प्रत्यक्षात तेही पाठांतराचाच एक प्रकार झाले होते.

स्वातंत्र्योत्तर बदल

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी वगळण्याचा निर्णय झाला. त्या वेळी वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हते. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा भिन्न शैक्षणिक रचनांचा मेळ घालण्याचे काम राज्यापुढे उभे राहिले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाले. १९७५ मध्ये दहा वर्षांच्या नव्या आकृतिबंधानुसार शालान्त परीक्षा झाली.

यातील बराचसा काळ वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाचा (१९६३–१९७५) होता, ही बाब यवतमाळच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुसद तालुक्यातील गहुली या गावी १९१३ मध्ये बंजारा कुटुंबात जन्मलेले नाईक शिक्षणासाठी अमरावती व नागपूरला गेले, कायद्याचे पदवीधर झाले आणि त्यांनी पुसदला वकिली केली. तांड्यावरील गोरमाटीपासून शाळेतील मराठीकडे आणि तेथून इंग्रजी कायद्याकडे झालेला हा प्रवास असाधारण होता. तो सर्वसाधारण व्हावा, अशी व्यवस्था मात्र नव्या पाठ्यपुस्तकांतही झाली नाही.

याच सुमारास अध्यापन पद्धतीत मूलभूत बदल झाला. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये केलेल्या प्रयोगांपासून मर्यादित शब्दसंग्रहाचा विचार पुढे आला होता. १९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने शिक्षक-प्रशिक्षणाला चालना दिली. निवडक वाक्यरचना, मोजके शब्द आणि तोंडी सराव यांवर आधारलेली ‘रचना पद्धती’ शाळांत आली. तिने भाषांतराला व व्याकरणाच्या परिभाषेला वर्गातून बाहेर काढले, निदान शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत तरी. पुढे संप्रेषणात्मक पद्धती आली. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि २०१० मध्ये अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा यांनी पाठांतराऐवजी ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला. आकारिक व संकलित मूल्यमापनाने प्रश्नपत्रिकेचे जुने चार भागही सैल केले.

मातृभाषेचे गृहीतक

वरील सर्व पद्धतींची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. भाषांतर पद्धतीने मुलाची मातृभाषा मराठी आहे, असे गृहीत धरले. रचना पद्धतीने व तिच्यानंतरच्या पद्धतींनी इंग्रजी शिकताना मातृभाषेची गरजच नाही, असे गृहीत धरले. कोलाम पोडावरच्या किंवा बंजारा तांड्यावरच्या मुलाची भाषा यांपैकी कोणत्याही गृहीतकात बसली नाही.

या भाषा अज्ञात होत्या असे नव्हे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच कोलामी व बंजारी यांची नोंद झाली होती. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे विद्यापीठीय ज्ञान उपलब्ध होते, ते वर्गापर्यंत आले नाही. जनगणनेतही गोरमाटी ही हिंदी भाषागटाखाली मोजली जाते, त्यामुळे तिचे स्वतंत्र अस्तित्व आकड्यांत सहज दिसत नाही.

याचा वर्गातील परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘झाड पडले’ या वाक्याचे इंग्रजी भाषांतर करण्यास सांगितले असता मराठी भाषिक मुलाला केवळ इंग्रजी शोधावे लागते. गोरमाटी राजस्थानी भाषाकुलातील असून तीत दोनच लिंगे आहेत. मराठीतील नपुंसकलिंग त्या मुलासाठी स्वतःच शिकण्याचा विषय असतो. म्हणजे इंग्रजीच्या आधी त्याला मराठीची पायरी चढावी लागते.

कोलामीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ही द्राविडी कुलातील भाषा आहे. तीत पुरुषवाचक आणि पुरुषेतर असा भेद असल्यामुळे स्त्री व वस्तू यांच्यासाठी एकच सर्वनाम वापरले जाते. साहजिकच ‘शी’ आणि ‘इट’ यांतील फरक कोलाम मुलाला वेगळा समजावून द्यावा लागतो. परंतु दुसऱ्या एका बाबतीत कोलामी इंग्रजीला मराठीपेक्षा जवळची आहे. मराठीत ‘राम आंबा खातो’ पण ‘रामाने आंबा खाल्ला’ असा कर्त्याच्या रूपात बदल होतो. इंग्रजीत असा बदल होत नाही आणि कोलामीतही होत नाही. येथे मुलाच्या घरच्या भाषेतून इंग्रजीकडे सरळ वाट होती. शाळेने मात्र त्याला मराठीच्या ‘ने’ प्रत्ययाचे वळण घेऊन जाण्यास भाग पाडले आणि वळणावर तो अडखळला, तेव्हा त्याला इंग्रजीत कच्चा ठरवले. पांढरकवडा व पुसद या आदिवासी विकास प्रकल्पांच्या परिसरातील आश्रमशाळांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे एकाच वर्गात अशी अनेक मुले एकत्र असतात.

इंग्रजीविषयीचा द्विधाभाव केवळ शाळेपुरता मर्यादित नाही. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलन झाले. २०१९ मध्ये ९२ वे संमेलन पुन्हा यवतमाळला भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण वादानंतर मागे घेण्यात आले. विरोधाचा एक मुद्दा त्या इंग्रजीत लिहितात, हा होता. ज्या समाजाने आपल्या मुलांसाठी सेमी-इंग्रजीचे वर्ग आग्रहाने मागितले, त्याच समाजात इंग्रजी साहित्याविषयी परकेपणाची भावनाही टिकून होती. इंग्रजी ही नोकरीची भाषा म्हणून स्वीकारली गेली, वाङ्मयाची भाषा म्हणून नाही. मिडल स्कूलच्या तासात गद्य व पद्य यांना जे दुय्यम स्थान मिळाले, त्याच्याशी ही गोष्ट विसंगत नाही.

निष्कर्ष

१) यवतमाळ जिल्ह्यातील मिडल स्कूल हा मराठी व इंग्रजी शिक्षणप्रवाहांच्या संधीवरचा टप्पा होता. इंग्रजीचे स्वरूप तेथे ज्ञानभाषेपेक्षा व्यवहारभाषेचे राहिले.

२) चार अंगांपैकी व्याकरण प्रबळ ठरले, कारण शालेय मराठी व्याकरणच इंग्रजी साच्यावर घडले होते. या समांतरतेने मराठी भाषिक मुलाला आधार दिला, पण ‘कर्मणी प्रयोग’सारख्या ठिकाणी त्याची दिशाभूलही केली.

३) पद्य व लेखन या अंगांत मुलाच्या अनुभवाला व मौखिक परंपरेला स्थान मिळण्याची शक्यता सर्वाधिक होती. प्रत्यक्षात तीच अंगे पाठांतरात अडकली.

४) पद्धती बदलत गेल्या, तरी गोंडी, कोलामी व गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची भाषा प्रत्येक पद्धतीने वगळली. इंग्रजीतील त्याच्या अपयशाचा काही भाग हा या वगळण्याचा परिणाम आहे, त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे.

५) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेवर भर देण्यात आला आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ‘मातृभाषा म्हणजे मराठी’ असा त्याचा अर्थ घेतला गेल्यास जुनेच गृहीतक नव्या नावाने परत येईल. शिक्षकाने कोलामी किंवा गोरमाटीवर प्रभुत्व मिळवावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. परंतु त्या भाषांतील लिंग, सर्वनाम, कर्त्याचे रूप अशा आठ-दहा वैशिष्ट्यांची माहिती अध्यापक-शिक्षणात समाविष्ट करणे सहज शक्य आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इंग्रजी व इतिहास विभागांनी संयुक्तपणे हे काम हाती घेतल्यास दीड शतकाच्या इतिहासात राहून गेलेली एक पायरी बांधली जाईल.